हसायची चोरी

परवाना कार्यालयातल्या तपासणीस बाईंना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. गाडी चालवायची परीक्षा द्यायला येणारी माणसं त्यांना 'नापासबाई' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण मैदानाबाहेरच्या रांगेत हे नाव पुढच्याकडून मागच्याकडे रोज जायचं.

बाईंचं काम म्हणजे परीक्षार्थीच्या शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर फॉर्म ठेवायचा आणि मैदानावर त्याला गाडी चालवायला लावायची. या कामात विनोदाला तोटा नव्हता. एक प्राध्यापक आले. त्यांनी पट्टा बांधला, तिन्ही आरसे नीट केले, "निघू का?" म्हणून रीतसर विचारलं आणि गाडी सुरूच न करता स्टिअरिंग धरून बसले. मिनिटभराने म्हणाले, "काय सुरेख गाडी आहे, चालल्याचं कळतसुद्धा नाही." दुसऱ्या एका बाईंनी मागे घेताना रबरी खांब पाडला, खाली उतरून तो उभा केला आणि त्याची माफी मागितली. शेजारी नापासबाई दगडासारख्या बसून होत्या. ओठ आवळलेले, भुवया एकमेकींना भिडलेल्या, नजर समोरच्या काचेवर. त्यांनी फॉर्मवर फुली मारली आणि पुढचा माणूस बोलावला.

खरी गोष्ट अशी होती की बाईंना हसू फार यायचं. लहानपणी हसण्यापायी त्यांनी वर्गाबाहेर जेवढे तास काढले होते, तेवढे काहींनी वर्गातही काढले नसतील. लग्न ठरलं तेही हसण्यावरच. मुलाची चष्म्याची दुकानं आहेत असं कुणीतरी फुगवून सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत मुलाने खुलासा केला, की दुकान एकच आहे, पण चष्मा काढून बघितलं तर दोन दिसतात. बाई हसल्या आणि तिथेच हो म्हणून बसल्या.

मग मुलगा झाला. सव्वाचार किलोचा. डॉक्टरांपासून आयांपर्यंत सगळ्यांनी बाळाचं कौतुक केलं. बाळ ज्या वाटेने आलं, त्या वाटेची चौकशी कुणी केली नाही. दोन महिन्यांनी नणंदेकडे नवा सोफा आला म्हणून सगळे बघायला गेले. तिथे नवऱ्याने, म्हणजे चष्मेवाल्यांनी, दुकानातला किस्सा सांगितला. एका गृहस्थाने नवा चष्मा लावला, आरशात पाहिलं आणि आतल्या माणसाला विचारलं, "आपण कुठे भेटलोय का?" बाईंना हसू फुटलं. आणि हसण्याबरोबर दुसरंही काही सुटलं. क्षणभर त्यांना कळलंच नाही काय झालं ते. कळलं तेव्हा नव्या सोफ्यालाही कळलं होतं. पाठीत उसण भरल्याचं सांगून त्या तीन तास जागच्या हलल्या नाहीत. सगळे उठले तेव्हा त्यांनी हातातलं पाण्याने भरलेलं तांब्याभांडं स्वतःच्या मांडीवर उपडं केलं. वेंधळेपणाबद्दल नणंदेची बोलणी खाल्ली, पण अब्रू वाचली.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंच्या कानावर घातलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं व्हायचंच, त्यात सांगण्यासारखं काय आहे. मी तर शिंकणंच सोडलंय.

सासूबाईंनी शिंकणं सोडलं, बाईंनी हसणं सोडलं. सोपं नव्हतं ते. हसू यायला लागलं की त्या मनात एकोणीसचा पाढा म्हणायच्या, कारण एकोणीसच्या पाढ्यात हसण्यासारखं काही नाही. चष्मेवाल्यांनी संध्याकाळी घरी येऊन "आज दुकानात काय झालं," अशी सुरुवात केली, की इकडे एकोणीस एके एकोणीस सुरू. किस्सा रंगात यायचा तेव्हा बाई एकोणीस सत्ते एकशे तेहेतीसवर असायच्या. फारच भारी किस्सा असला तर त्या उठून आत निघून जायच्या.

चष्मेवाल्यांना काय ठाऊक? दुकानात गिऱ्हाइकं इतकी हसायची की डोळे मिटून जायचे आणि नंबर पुन्हा तपासावा लागायचा. घरी मात्र बायको उठून जाते. त्यांनी काही वर्षं नेटाने प्रयत्न केला, ठेवणीतले विनोद काढले, नवीन शोधले. मग हळूहळू दुकानाचं शटर आणि विनोद दोन्ही एकदमच खाली यायला लागली. घरी ते हवापाण्याचं बोलायचे. भांडण नाही, तंटा नाही, एकमेकांचं औषधपाणी, दुखलंखुपलं सगळं व्यवस्थित. फक्त कुणी कुणाला हसवायचं नाही, असा न केलेला करार वर्षानुवर्षं चालला. बाईंना ते आतून टोचायचं. पण सांगायचं काय आणि कोणत्या तोंडाने?

बाकी बंदोबस्त चोख होता. काळ्या रंगाशिवाय दुसरी पॅन्ट नाही. पर्समध्ये जादा कपडे. शहरातल्या कुठल्या इमारतीत कुठल्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे, हे त्यांना तोंडपाठ. मैदानावरच्या गतिरोधकावरून गाडी जोरात नेली, की परीक्षार्थी हमखास नापास. नियमात ते बसत होतंच. पण बाईंचा त्यात जीव गुंतलेला होता.

मुलगा मोठा होऊन जहाजावर इलेक्ट्रिशियन झाला, त्याचं लग्न झालं. सून कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून संध्याकाळी स्वतःचे सगळे दाखवत घरी यायची. हसरी होती, मोकळी होती. सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला इस्पितळातल्या व्यायामाच्या वर्गाला जायला सांगितलं. येताना घरचं कुणीतरी सोबत आणायचं, असा वर्गाचा नियम. नवरा समुद्रावर, माहेर लांब. सासऱ्यांना न्यायचं कसं? राहिल्या सासूबाई, म्हणजे आपल्या नापासबाई.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. जमिनीवर सतरंज्या, कोपऱ्यात बसायचे मोठाले रबरी चेंडू, आणि टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट सुनेच्याच वयाची होती. तिने सांगाडा उचलला, आतल्या बाजूने बसवलेली लाल पट्टी बोटाने दाखवली आणि सरळ विषयाला हात घातला. हा ओटीपोटाचा तळ. हाड नाही, स्नायू आहे, झोळीसारखा ताणलेला. मूत्राशय, गर्भाशय, आतडं असं सगळं बिऱ्हाड या झोळीवर बसलेलं असतं. त्यात नऊ महिने एक भाडेकरू वाढतो, आणि जाताना दार मोडून जातो. झोळी सैल पडली तर ती पुन्हा घट्ट करता येते. दंडाचा स्नायू कमावता येतो, तसाच हाही.

मग तिने विचारलं, शिंकताना, खोकताना, हसताना कुणाला थेंबभर होतं का?

अकरा पोटुशा बायका आणि त्यांच्या अकरा सोबतिणी सांगाड्याकडे बघत राहिल्या. सुनेने हात वर केला.

"मला होतं. काल कवळी घासताना शिंक आली. कवळी धरू की हे धरू, असं झालं."

"मग काय धरलं?"

"कवळी. तिचं गिऱ्हाईक बाहेर थांबलं होतं."

वर्गात हसू पसरलं. एकीने हात वर केला, मग तिघींनी, मग जवळजवळ सगळ्यांनीच. बाई एकोणीस सक एकशे चौदाला पोचल्या होत्या. पण कानात एकच वाक्य घुमत होतं, की पुन्हा घट्ट करता येते. अठ्ठावीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा जिने सांगायचं, तिने शेंगा सोलल्या होत्या.

सोबतिणींनीही करायचं होतं. समजा, वारा सरायला आलाय आणि समोर पाहुणे बसलेत, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं. मागून आवळा, मग पुढे या, आणि आतल्या आत वर उचला. श्वास चालू ठेवा. पोट, मांड्या, कुल्ले यांना मध्ये घ्यायचं नाही. दहा आकड्यांपर्यंत धरा, मग पूर्ण सोडा. बाईंनी खुर्चीत बसून मनापासून आवळलं. फिजिओथेरपिस्ट ओळीने बघत त्यांच्यापुढे आली आणि थांबली.

"आई, तुम्ही भुवया आवळताय."

बाईंनी भुवया सोडल्या, तर जबडा आवळला गेला. जबडा सोडला, तर दोन्ही हातांच्या मुठी. बरीच शोधाशोध केल्यावर खाली कुठेतरी काहीतरी जरासं हललं; इतकं जरासं, की दुसऱ्या कुणाचं तरी हललं असावं असं वाटलं.

त्या दिवसापासून बाईंनी व्यायाम धरला तो सोडला नाही. दहा वेळा सावकाश, दहा वेळा झटपट, दिवसातून तीनदा. सकाळचा फेरा बसस्टॉपवर, संध्याकाळचा भाजी निवडताना. दुपारचा मात्र परीक्षेच्या गाडीत यायचा आणि तिथे गोंधळ व्हायचा. परीक्षार्थी गाडी वळवत असे, शेजारी नापासबाई समोर टक लावून ओठांतल्या ओठांत पुटपुटत, "सात, आठ, नऊ..." त्याला वाटे, चुका मोजतायत. एक धडधाकट तरुण 'नऊ'ला ब्रेक दाबून म्हणाला, मॅडम, एवढ्या झाल्या असतील तर मी इथेच उतरतो. त्याची एकही चूक झाली नव्हती. बाईंनी त्याला पास केलं; तो इतका गांगरला, की फॉर्म न घेताच चालता झाला.

चार आठवडे झाले, तरी हवा तसा फरक पडेना. एका शनिवारी वर्ग संपल्यावर सुनेला पाणी आणायला पाठवून बाई फिजिओथेरपिस्टजवळ गेल्या. म्हणाल्या, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. साठीला आल्यात. बाळंतपणाला अठ्ठावीस वर्षं झालीत. आता या वयात त्यांना काही उपयोग होईल का?

"होईल की," फिजिओथेरपिस्ट सांगाडा पुसत म्हणाली. "त्या ओळखीच्या बाईंना सांगा, आत पडद्यामागे कॉटवर जाऊन झोपा. मी हात धुऊन आलेच."

तपासल्यावर जे निघालं ते बाईंना अपेक्षित नव्हतं. स्नायू अशक्त होता, पण त्याहून मोठी खोड म्हणजे तो कधी सैलच सुटत नव्हता. सांडेल या धास्तीने बाईंनी तो सगळी वर्षं अर्धवट आवळून ठेवला होता. दिवसभर मूठ आवळून बसलेल्या माणसाला ऐन वेळी आणखी काय आवळता येणार? तेव्हा आधी सोडायला शिका, असं ठरलं. पोटभर श्वास घ्यायचा, आणि श्वासाबरोबर खालचं सगळं ढिलं होऊ द्यायचं. 'असू दे, जाऊन येते' म्हणून गरज नसताना दहादा जायची सवयही मोडायची. आणि शिंक किंवा हसू येतंय असं वाटलं, की ते बाहेर पडायच्या आधी क्षणभर आवळायचं. आधी, नंतर नव्हे. बाईंनी ते शिस्तीत वहीत लिहून घेतलं. ज्या बाईने आयुष्यभर लोक ब्रेक कधी दाबतात ते तपासलं, तिला वेळेचं महत्त्व सांगायला नको होतं.

यथावकाश सुनेला मुलगी झाली. मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून आला, लेकीला छातीशी धरून घरभर फिरला, आणि डोळे पुसत जहाजावर परतला. सुनेला टाके पडले होते. हसरी पोर, पण त्या दिवसांत गप्प झाली. इस्पितळातून सांगितलं होतं, की दुखत नसेल तेवढंच, हलक्या हाताने व्यायाम पुन्हा सुरू करा, जड उचलू नका, उड्या-धावणं इतक्यात नको. तिने सुरू केला, आणि दुसऱ्याच दिवशी बाळाचे कपडे घडी करता करता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, तिथे काही जाणवतच नाही. कुणाला फोन लावावा आणि पलीकडे कुणी उचलूच नये, तसं."

बाईंनी हातातलं झबलं खाली ठेवलं. सासूबाईंच्या शेंगा त्यांना आठवल्या असतील, नसतील. त्या सुनेजवळ पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझाही अठ्ठावीस वर्षं कुणी उचलत नव्हतं." मग त्यांनी सगळं सांगितलं. सोफा, तांब्याभांडं, एकोणीसचा पाढा, पडद्यामागची कॉट. सुनेला हसावं की रडावं कळेना. टाके दुखतात म्हणून तिने दोन्ही जपून केलं. शेवटी बाईंनी बजावलं, की हे बाबांना कळता कामा नये.

"पण का? बाबा काय म्हणणार आहेत?"

"काही म्हणणार नाहीत. म्हणूनच."

त्यानंतर दोघी मिळून व्यायाम करू लागल्या. सकाळचा आणि संध्याकाळचा फेरा चहाच्या वेळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, कारण तेवढा वेळ बाळ झोपायचं. बाई टेबलावर बोट आपटून खूण करायच्या आणि दोघी गप्प. नजर समोर, चेहरा शांत. मग सुस्कारा. मग पुन्हा गप्प.

चष्मेवाले त्याच टेबलाशी बसून हे बघत होते. दिवसातून दोन वेळा सासू टेबलावर बोट आपटते आणि सुनेचं तोंड बंद होतं. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. मध्येच उसासे टाकतात. त्यांनी आठवडाभर बघितलं आणि त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. एवढ्या गुणी पोरीला आपल्या घरात हा जाच? त्यांनी बायकोला आडून विचारलं, सगळं ठीक आहे ना. बाई घाईने म्हणाल्या, आमचं आमच्यात आहे, तुम्ही लक्ष घालू नका. झालं, संशयाला पुरावा मिळाला. दुकानात जाऊन त्यांनी मुलाला जहाजावर फोन लावला आणि दबक्या आवाजात सांगितलं, की घरात अबोला धुमसतोय. मुलाने घाबरून बायकोला फोन केला. तिने वचन दिलेलं; ती म्हणाली, आमचं काही बिनसलेलं नाही, तू काळजी करू नकोस. बायको 'काळजी करू नकोस' म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं लग्नाच्या दोन वर्षांत त्यालाही कळलं होतं. त्याने वडिलांना निरोप धाडला: बाबा, तुम्हीच काहीतरी करा.

बाबांना आयुष्यात एकच गोष्ट करता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतला गेला, बाईंनी बोट आपटलं, दोघी गप्प झाल्या. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. घरात विनोद सांगून किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवतही नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"काल दुकानात एक आजोबा आले," ते म्हणाले. "म्हणे, हा चष्मा परत घ्या. म्हटलं, का हो, नंबर चुकला? म्हणे, नाही, स्वच्छ दिसतं. पण घेतल्यापासून घरात शांतता नाही. म्हटलं, मग आधी होती? तर म्हणे, आधी मला वाटायचं, बायको माझ्याकडे बघून हसतेय."

बाई 'सहा'वर होत्या. सातवा आकडा आलाच नाही. हसू येताना त्यांनी ओळखलं, मैदानावर समोरून येणारी गाडी ओळखावी तसं. पाढा आठवायला फुरसत नव्हती. त्यांनी खालून आवळलं, वर उचललं, आणि तोंड उघडलं. जे हसू बाहेर पडलं ते सबंध आळीला ऐकू गेलं असावं. त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या, मागे रेलून हसल्या, बाहीने डोळे पुसून पुन्हा चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि पुन्हा हसल्या. मध्ये एकदा हसता हसताच थांबून त्यांनी आत कानोसा घेतल्यासारखा चेहरा केला. सगळं जागच्या जागी, कोरडं ठणठणीत. मग तर त्यांना आवरेना. आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं, तरी सून जागची उठेना; ती सासूकडे बघत टाळ्या वाजवत होती.

चष्मेवाले मात्र हसत नव्हते. ते पांढरेफटक पडले होते. आपण काहीतरी बोललो आणि हिला काहीतरी झालं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. सून बाळाला घ्यायला आत गेली आणि जाताना दार ओढून घेतलं.

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी सांगितलं. सुरुवातीला शब्द चाचपडत, मग न थांबता. सगळं संपल्यावर चष्मेवाले उठले, तिन्ही कप विसळून पालथे घातले आणि परत येऊन बसले.

"दुखायचं का?"

"दुखत नव्हतं. लाज वाटायची."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही त्याचाही विनोद केला असता."

चष्मेवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "केला असता," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी चाचरत विचारलं, "मग त्या एवढ्या वर्षांत मी जे सांगितले, ते..."

"सगळे आठवतात मला," बाई म्हणाल्या. "बँकेतल्या आंधळ्या कोशिंबिरीचा तर मी ऑफिसात बसून आठवायचे आणि जीव मुठीत धरायचे. तो घोड्याला चष्मा लावायचा मात्र खरंच टुकार होता."

चष्मेवाल्यांना तो आपला सर्वांत चांगला वाटायचा. थोडा राग त्यांना आला, आणि तो आला याचंच त्यांना इतकं बरं वाटलं, की घोड्याच्या बाजूने ते दुकान उघडायची वेळ टळेपर्यंत वाद घालत बसले.

फरक पडला तो असा. कडक सर्दी झाली तर बाईंची अजून कधीमधी फजिती होते, आणि जादा कपडे पर्समध्ये आहेत. पण शहरातले मजले त्या विसरत चालल्या आहेत. कार्यालयात त्या हसू लागल्या तेव्हा रांगेत बातमी पसरली, की आता सगळे पास होणार. तसं काही झालं नाही. लोक पूर्वीएवढेच नापास होतात, कारण गाडी त्यांनाच येत नसते. सून टाके भरून आल्यावर पुन्हा कवळ्या घासायला लागली आणि तिकडच्या दोन सहकारी मुलींना जेवणाच्या सुट्टीत बोट आपटून गप्प करते.

तीन महिन्यांनी बाईंची फेरतपासणी होती. चष्मेवाले म्हणाले, मीही येतो. बाईंनी नको म्हणून पाहिलं, पण ते दुकान बंद करून निघालेच. दुसऱ्या मजल्यावरच्या बाकांवर पोटुशा बायका आणि त्यांचे तरुण नवरे ओळीने बसले होते. बाई आत गेल्या. चष्मेवाले पिशवी मांडीवर घेऊन एका घाबरट चेहऱ्याच्या पोराशेजारी बसले. त्या पोराने थोडा वेळ चुळबुळ केली आणि आदराने विचारलं, "काका, तुमच्याकडे कितवा महिना?"

चष्मेवाल्यांच्या जिभेवर तीन उत्तरं एकदम आली. एकाहून एक सरस. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

"आमचा झालाय," ते म्हणाले. "तो जहाजावर असतो. मी आपला सोबत आलोय." आणि मग त्या पोराला त्यांनी विचारलं, की तू रोज बायकोबरोबर व्यायाम करतोस का, नसशील करत, तर निदान ती गप्प बसली की ती रागावली आहे असं समजू नकोस.